घाट सुटला, धक्का उरला

मारिया ग्रॅहम ही ब्रिटिश लेखिका डिसेंबर 1809 मध्ये मुंबईहून पुण्याला निघाली. प्रवासाचा पहिला टप्पा पाण्यावरचा होता. मुंबईच्या किनाऱ्यावरून होडीत बसायचं, खाडीतून पनवेल गाठायचं, मग चौक, खोपोली, बोरघाटाची चढण, खंडाळा आणि वाटेत कार्ल्याची लेणी पाहून पुणं. माणसं पालखीत नाही तर घोड्यावर, सामान हमालांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर. पुण्याहून समुद्राकडे जाणाऱ्यालाही हीच वाट होती. पेट्या-बोचकी घाटातून उतरवायची, पनवेलला जमिनीवर ठेवायची आणि भरतीची वाट बघायची.

त्याला आता दोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला. घाट फोडून झाला, रूळ आले, वीज आली, सहापदरी रस्ता आला, खाडीवर पूल झाला. दिवसांचा प्रवास तासांवर आला. तरीही बोट गाठायला निघालेल्या पुणेकराला एक जागा अशी लागतेच, की जिथे एक वाहन त्याला सोडून देतं आणि दुसरं अजून हाती लागलेलं नसतं. सामानाचं खरं वजन कळतं ते तिथेच. ही जागा नाहीशी कधीच झाली नाही, नुसती सरकत गेली. आधी ती पनवेलच्या खाडीकाठी होती, मग खोपोलीच्या पायथ्याशी, आणि शेवटी बोरीबंदराबाहेर.

बोरघाटातून तोफा जाव्यात म्हणून आर्थर वेलस्लीने 1804 मध्ये वाट रुंद करून घेतली होती. गाड्या नीट चालतील असा रस्ता मात्र गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, 1830 च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याआधीच्या पेशवाईतही या वाटेची काळजी वाहिली गेली होती. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आजही आहे. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसं-जनावरं इथे पाण्याला थांबत.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि रूळ दख्खनच्या दिशेने निघाले. 1856 मध्ये ते खोपोलीपर्यंत आले. तिकडे घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला, त्यामुळे पुढची पाच वर्षं या प्रवासाला एक चमत्कारिक रूप होतं. पुण्याला आगगाडीत बसायचं, खंडाळ्याला सगळं सामान उतरवायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी ठरवून घाट उतरायचा आणि खोपोलीला दुसऱ्या आगगाडीत बसून बोरीबंदर गाठायचं. होडी सुटली, पण चढउतार सुटली नाही. पनवेलला एकदाच हलणारं सामान आता खंडाळा आणि खोपोली असं दोनदा हलू लागलं.

घाटातली रेल्वे हे त्या काळातलं अचाट काम होतं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1,831 फूट चढ आणि 25 बोगदे. कामाचा जोर असताना 40,000 हून अधिक मजूर डोंगरात राबत होते. पटकी आणि तापाने त्यातले किती गेले याला सुमार नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला; त्याचं कंत्राट त्याची बायको अॅलिस हिने पुरं करवून घेतलं. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. घाटाच्या मध्यावर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडीची तोंडाची बाजू बदलायची आणि मग ती पुढची चढण घ्यायची. डब्यातल्या माणसाला मात्र जागचं हलावं लागत नव्हतं. पुण्याला बाकाखाली सरकवलेली ट्रंक आता थेट बोरीबंदरला बाहेर निघे.

घाट असा सुटला. आता प्रश्न बोरीबंदरच्या पुढचा.

1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई हे विलायतेचं दार झालं. विलायतेची टपाल घेऊन जाणाऱ्या बोटींना त्या काळी धक्क्याला लागायची सोय नव्हती. बोट बंदरात नांगर टाकून उभी, आणि उतारू पालवा बंदरावर, म्हणजे अपोलो बंदरावर, जमून छोट्या लाँचमधून तिच्याकडे जात. पुण्याच्या उतारूने बोरीबंदरला उतरून हमाल करायचा, घोडागाडी ठरवायची, फोर्टातून पालव्यावर यायचं, पुन्हा हमाल, पुन्हा लाँच. 1874 पासून मुंबईत घोड्यांची ट्राम होती आणि ती बोरीबंदरावरून जातही होती, पण विलायतेला निघालेल्या माणसाच्या पेट्या ट्रामच्या बाकांमध्ये मावणाऱ्या नव्हत्या. सार्वजनिक वाहन दारासमोरून जायचं आणि सामानामुळे त्यात चढता यायचं नाही, या तक्रारीचं मूळ इतकं जुनं आहे.

या वाटेने पुण्याची किती माणसं गेली! पुण्यात आर्य महिला समाज उभा करणाऱ्या पंडिता रमाबाई एप्रिल 1883 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. फर्ग्युसनचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1896 मध्ये केंब्रिजला गेले आणि तीन वर्षांत सीनिअर रँग्लर झाले. गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले आणि पुढे तर त्यांच्या विलायतेच्या वाऱ्याच सुरू झाल्या. त्या पहिल्या वारीच्या परतीला त्यांचं स्वागत वेगळंच झालं. पुण्यात प्लेग आणि प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन गेलेला, गोखल्यांनी विलायतेत गोऱ्या सोजिरांबद्दल केलेल्या विधानांवरून गदारोळ उठलेला. जुलैत बोट मुंबईला लागली तेव्हा पोलिस कमिशनर व्हिन्सेंट त्यांना बोटीवरच भेटायला आले होते.

लोकमान्य टिळकांना तर बंदर गाठूनही बोट मिळाली नाही. 1918 च्या एप्रिलमध्ये विलायतेला निघालेलं त्यांचं होमरूलचं शिष्टमंडळ कोलंबोपर्यंत पोचलं, तिथे पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं आणि सगळे सामानसुमानासह माघारी आले. चिरोलवर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते मुंबईहून निघाले. स्त्रियांच्या विद्यापीठाचं काम जगाला सांगायला धोंडो केशव कर्वे 1929 मध्ये घराबाहेर पडले, तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती.

बोटीच्या सामानाची एक शिस्त होती आणि ती आगगाडीच्या सामानाहून निराळी होती. कंपनीकडून लेबलं येत. केबिनमध्ये लागणारं सामान वेगळं, वाटेत कधीमधी लागेल ते वेगळं, आणि पोचेपर्यंत लागणारच नाही ते बोटीच्या पोटात. त्यामुळे आवराआवर पुण्याच्या वाड्यातच तीन ढिगाऱ्यांत व्हायची. गरम कपड्यांची ट्रंक पोटात गेली, तर सुएझ ओलांडल्यावर अंगात घालायला काही नाही. फराळाचा डबा चुकून तिकडे गेला, तर तो थेट लंडनलाच भेटणार. ज्यांना परवडे ते ही दगदग दुसऱ्यावर सोपवत. थॉमस कुक कंपनीने 1881 मध्ये मुंबईत कचेरी थाटली होती आणि तिकिटांबरोबर सामानाची व्यवस्था हाही तिचा धंदा होता.

पेट्यांचा हा सोस किती वाढला होता, याची साक्ष 1931 च्या एका सफरीतून मिळते. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी 29 ऑगस्ट रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. बोटीवर चढल्यावर त्यांनी सोबतच्यांचं सामान पाहिलं आणि ते वैतागले. भेट म्हणून आलेल्या, उसन्या घेतलेल्या सूटकेसा नि ट्रंका पाहून त्यांनी बरोबरच्यांना फैलावर घेतलं, आणि त्यातल्या बऱ्याचशा एडनहून माघारी पाठवल्या गेल्या. गांधीजी डिसेंबरअखेर परतले आणि आठवड्याच्या आत, 4 जानेवारी 1932 ला, त्यांना पकडून पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणलं गेलं.

तोवर धक्क्याचं रूप पालटलं होतं. 1873 मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल जे. ए. बॅलार्ड यांचं नाव बॅलार्ड पिअरला मिळालं. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीने समुद्र भरून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. इमारतींचा एकसारखा घाट बसवला जॉर्ज विटेट यांनी. गोदी 1914 मध्ये खुली झाली, पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे 1915 पासून धावू लागली, आणि मग धक्क्यालाच लागून एक स्टेशन आलं: बॅलार्ड पिअर मोल.

बोटीच्या उतारूंना दोनशे वर्षांत मिळालेली सर्वांत चोख सोय हीच. बोट एका अंगाला, गाडी दुसऱ्या अंगाला. विलायतेहून आलेला साहेब धक्क्यावर उतरून कस्टममधून बाहेर पडला, की समोर इंपीरियल इंडियन मेल कलकत्त्यासाठी उभी. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही हंगामात इथून सुटे आणि पेशावरची वाट धरी. दिल्ली, लाहोर, कलकत्ता इथल्या उतारूची पेटी एकदाच हलायची. पुणं मात्र राजधानीच्या वाटेवर नव्हतं. इतक्या जवळच्या गावासाठी खास गाडी कोण सोडणार? हजार मैलांवरून येणारा धक्क्यावर उतरे, आणि 119 मैलांवरून येणारा पुणेकर बोरीबंदरला उतरून टांग्यावाल्याशी घासाघीस करे. महायुद्धाच्या काळात ते स्टेशनही बंद पडलं आणि सगळेच एका पंक्तीत आले.

सगळ्या बोटी काही विलायतेच्या नव्हत्या. पुण्यातल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात होती. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायचं, तर कुंभार्ली किंवा आंबा घाटाने मोटार जाई, पण पोरंबाळं आणि सामान यांच्यासकट जाणाऱ्या अनेकांना मुंबई गाठून आगबोट धरणंच सोयीचं वाटे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी अशी बंदरं घेत ती जाई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही त्यातली मोठी कंपनी. बोटी निघत त्या भाऊच्या धक्क्याच्या परिसरातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेल्या मूळ धक्क्याचं नाव पुढे माझगावच्या आताच्या जागेलाही चिकटलं.

या प्रवासात लेबलं वगैरे काही नव्हतं. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, दशम्यांचं फडकं आणि गावच्यांसाठी घेतलेली पुण्याची खरेदी. हमालाने बोचकी उचलली की घरातला चपळ मुलगा त्याच्यामागे धावत सुटे, कारण डेकवर आधी वळकटी पसरील त्याची जागा. खरी कसोटी उतरताना लागे. बऱ्याच बंदरांत बोटीला धक्का नव्हता. ती लांब उभी राही आणि पडाव येऊन तिला भिडत. लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात आधी म्हातारी माणसं, मग मुलं, मग ट्रंका. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच. स्वातंत्र्यानंतर चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी मुंबई-पणजी वाट चालती ठेवली, पण रस्ते सुधारले, एसटी वाडीवाडीत पोचली आणि 1980 च्या दशकाअखेर ती सेवा थांबली. जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

पुण्याला एक दुसरं बंदरही होतं, आणि तिथे गाडीतून उतरल्यावर टांगा लागत नव्हता. 1878 मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यातून मुरगाव बंदर बांधलं गेलं आणि 1888 मध्ये तिथून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रूळ पूर्ण झाले. इकडे सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग आणून त्याला जोडला. 1890 च्या सुमारास पुण्याचे रूळ असे थेट मुरगावच्या बंदराला भिडले. तिथलं शेवटचं स्टेशन हार्बरचंच होतं. अडचण वाटेत होती. कॅसलरॉकला ब्रिटिशांचं कस्टम, घाट उतरून कुळ्याला पोर्तुगिजांचं. दूधसागर पाहून हरखलेल्या उतारूला पुढच्याच थांब्यावर ट्रंक उघडून दाखवावी लागे. 1955 मध्ये सरहद्दीवरची ही रेल्वे वाहतूक बंद झाली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तोवर बोटींचाच जमाना सरत आला होता.

मुंबईच्या वाटेवर मात्र वेग वाढत होता. नोव्हेंबर 1929 मध्ये पुण्यापर्यंत विजेचं इंजिन आलं, घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झालं आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन धावली: पावणेतीन तासांत मुंबई. पण ही राणी सुरुवातीला सर्वांची नव्हती. तिला पहिला आणि दुसरा वर्गच होता. तिसऱ्या वर्गाचा डबा लागायला 1955 साल उजाडावं लागलं. तोपर्यंत वळकटीवाल्या पुणेकराची गाडी म्हणजे दर स्टेशनावर थांबत जाणारी पॅसेंजर. जास्तीचं सामान तोलून, पावती फाडून ब्रेकव्हॅनमध्ये द्यायचं आणि बोरीबंदरला ते सुटेपर्यंत तिथे ताटकळायचं.

मुंबईत तोवर टॅक्सी आली होती, 1926 पासून बसही होती, आणि 1925 मध्ये हार्बर लाइन बोरीबंदरला जोडली गेल्यावर डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून भाऊचा धक्का गाठता येऊ लागला. तरी बोटीच्या उतारूचा भरवसा व्हिक्टोरिया घोडागाडीवर आणि हमालावरच राहिला. बसमध्ये माणूस मावे, ट्रंक मावत नसे. 1970 नंतर अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांनी सूटकेसला चाकं लावली, पुढे रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी ओढायची बॅग काढली आणि हळूहळू ती लक्ष्मी रोडच्या दुकानांतही दिसू लागली. पण चाकांना सपाट जमीन लागते. फलाटावर ती धावतात. जिना, फूटपाथचा उंच कठडा आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक आले की बॅग पुन्हा हातात येते.

विमानाने विलायतेची बोट संपवली, तशी पुण्याच्या आठवणीतून बंदरही पुसट झालं. मुंबईला जायचं ते कामाला, विमानतळाला किंवा लग्नाला. सांताक्रूझ आणि सहारकडे तोंड करून धावणाऱ्या टॅक्स्यांनी पुण्याच्या परदेशी जाणाऱ्यांचा सगळा प्रवासच दारापासून दारापर्यंतचा केला. विमानाने जाणाऱ्यांपुरती सामान हलवण्याची जागा नाहीशी झाली होती, पण खासगी गाडीच्या भाड्यात.

बोट परत आली ती मौजेसाठी. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ माझगावहून गोव्याला जाऊ लागली. दोन वर्षांत ती थांबली. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बॅलार्ड पिअरहून निघाली. आणि 20 सप्टेंबर 2025 रोजी इंदिरा गोदीतल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं: तपासणी आणि इमिग्रेशनचे 72 काउंटर, वर्षाला दहा लाख उतारूंची सोय, एका वेळी पाच बोटी. कोथरूड-औंधातल्या कुटुंबांनी चार दिवसांच्या सुट्टीसाठी लक्षद्वीपची बोट धरावी, असा काळ आला.

सार्वजनिक वाहनाने जायचं तर पुणेकराला आज दोन वाटा आहेत. एक एसटीची. शिवनेरीतून बहुतेक उतारू दादरला उतरतात, आणि तिथून बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरणं हे सकाळच्या वेळी धाडसच. फेब्रुवारी 2024 पासून एसटीने अटल सेतूवरून शिवनेरी सुरू केली, त्यातली एक पुणे स्टेशनहून थेट मंत्रालयापर्यंत सोडली. म्हणजे पनवेलच्या खाडीपलीकडून होडीने मुंबई गाठायची ती जुनी वाट आता समुद्रावरच्या पुलावरून जाते. दुसरी वाट रेल्वेची आणि बोटीसाठी तीच उजवी. डेक्कन क्वीन सध्या सव्वासातला पुणं सोडते आणि 10.25 ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे जुन्या बोरीबंदरला, येते. चेअर कारच्या तिकिटावर 40 किलो सामान फुकट नेता येतं. चार दिवसांच्या सफरीला ते पुरून उरतं.

पुढचं अंतर जेमतेम दीड किलोमीटर. मुख्य इमारतीकडे, टॅक्स्यांच्या गर्दीत न जाता पूर्वेच्या दरवाज्याने पी. डिमेलो मार्गावर निघालेलं बरं. या रस्त्याचं जुनं नाव फ्रिअर रोड, म्हणजे बोरघाटाचं उद्घाटन करणाऱ्या त्याच गव्हर्नरचं. नवं नाव गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचं. रस्ता ओलांडला की बॅलार्ड इस्टेटच्या शांत गल्ल्या, आणि मग बंदराची फाटकं. ती रंगांवरून ओळखायची पद्धत आहे: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, पर्पल गेट. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ म्हटलं तर तो बुचकळ्यात पडू शकतो, ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ म्हटलं की कळतं. काहींना इतकं जवळचं भाडं नकोच असतं. मग दोन चाकी बॅगा ओढत, तिसरी खांद्याला लावून पुण्याचं कुटुंब चालत निघतं. ज्यांना ते झेपत नाही, त्यांच्यासाठी लाल सदऱ्यातला, दंडावर बिल्ला बांधलेला हमाल अजून फलाटावर आहे. पण त्याची हद्द स्टेशनच्या दरवाज्यापर्यंत.

परतीचं गणित आणखी वेगळं. बोट सकाळी धक्क्याला लागते, तोवर पुण्याच्या सकाळच्या नेहमीच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि क्वीन सुटते संध्याकाळी 5.10 ला. म्हणून जाणती मंडळी बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकतात, फोर्टात जेवतात आणि दुपारी अडीचच्या सिंहगड एक्सप्रेसची तिकिटं निघतानाच काढून ठेवतात.